काळे कागद आणि युद्धांची शून्यं

रात्री युद्धाच्या बातम्या लागल्या की आमचे काका हमखास म्हणतात, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." याच काकांनी डिसेंबर १९७१ मध्ये मुंबईच्या चाळीत खिडक्यांच्या काचांना खळ लावून काळे कागद चिकटवले होते. ब्लॅकआउटच्या गोष्टी ते रंगवून सांगतात. भोंगा झाला की दिवे बंद, मग अंधारात जिन्यावर बसून गाण्याच्या भेंड्या. त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, पण काकांच्या लक्षात राहिल्या त्या भेंड्या.

मेंदूची ही जुनी खोड. कडू आठवणींची धार गोड आठवणींपेक्षा लवकर बोथट होते. शिवाय मनात सगळ्यात ठळक राहतात ते दिवस साधारण दहा ते तीस वयातले.

मग युद्धांचा खरा हिशेब कसा करायचा? तो मांडला लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज हवामानशास्त्रज्ञानं. क्वेकर पंथाचा, शस्त्राला हात न लावणारा हा माणूस पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होता आणि फावल्या वेळात हवामानाच्या अंदाजाचं गणित हातानं सोडवत होता. हवामान कार्यालय हवाई मंत्रालयाच्या ताब्यात गेलं तेव्हा, १९२० मध्ये, त्यानं नोकरी सोडली. पुढे त्यानं युद्धं मोजायला घेतली, भूकंप मोजतात तशी. मृतांच्या आकड्यातली शून्यं मोजायची: हजार बळी म्हणजे ३, एक कोटी म्हणजे ७, मधल्या आकड्यांना अपूर्णांक. एकट्यादुकट्या खुनाला शून्य! दिसलं असं की लहान युद्धं ढीगभर, प्रचंड युद्धं मोजकी, पण युद्धबळींचा मोठा वाटा त्या मोजक्यांचाच. आणि युद्धं सुरू होण्याच्या वर्षांना कसलीच लय नाही, फासे पडावेत तशी ती पडतात.

फाशांचीच गोष्ट असेल तर १९४५ नंतर तिसरं महायुद्ध झालं नाही, याचा आनंद जरा जपूनच मानावा. आरन क्लॉसेट या संशोधकानं २०१८ मध्ये गणित मांडलं: हा तुलनेनं शांत काळ आणखी १०० ते १४० वर्षं टिकला, तरच तो निव्वळ योगायोग नाही असं ठामपणे म्हणता येईल.

काकांचं सगळंच चूक नाही म्हणा. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या नोंदींनुसार २०२४ मध्ये, किमान एका बाजूला सरकार असलेले ६१ सशस्त्र संघर्ष चालू होते. १९४६ पासूनचा हा उच्चांक. मात्र वर्षात लढाईत २५ माणसं मेली तरी संघर्ष यादीत येतो. उलट १९९४ मध्ये एकट्या रवांडात सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. नुसते संघर्ष मोजले तर हे दिसतच नाही.

काकांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि आमचं एकाहत्तर?" बांगलादेशातल्या बळींचे अंदाज तीन लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात. रिचर्डसनच्या मापात साडेपाच ते साडेसहा.

काका गप्प झाले. मग म्हणाले, "त्या खळीला मुंग्या फार लागायच्या."