केशवसुतांची कविता आधी नियतकालिकांत, मग पुस्तकात

मराठी भाषा गौरव दिन आला की ठाण्यातल्या ग्रुपांवर हमखास फिरतं: केशवसुतांनी स्वतः संग्रह काढला आणि त्यातून ‘तुतारी’ घराघरांत पोचली. हे खरं नाही. ‘तुतारी’ १८९३ची. आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालयही त्याच वर्षीचं, पण तिथल्या कपाटात तेव्हा केशवसुतांचं पुस्तक असणं शक्यच नव्हतं. १९०५ मध्ये ते गेले, तोवर त्यांचा एकही संग्रह निघाला नव्हता! वाचकांना त्यांच्या कविता भेटल्या त्या हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मध्ये, जळगावच्या ‘काव्यरत्नावली’त. नव्या वळणाची कविता छापणाऱ्या त्या संपादकांचं श्रेय असं पुसलं जाणं मला फार लागतं. ‘केशवसुतांची कविता’ हा संग्रह आला १९१७ साली, तोही हरिभाऊंच्याच खटपटीने.