महिला बॉबस्ले

बर्फाच्या अरुंद, वळणदार घसरमार्गावरून पोलादी पात्यांच्या बंदिस्त स्लेडमध्ये (घसरगाडीत) बसून उतरण्याच्या शर्यतीचा महिलांचा प्रकार. ऑलिंपिकमध्ये त्याचे दोन गट आहेत : दोघींची स्लेड (२००२ पासून) आणि एकटीची मोनोबॉब (२०२२ पासून). चौघांची स्लेड तेथे पुरुषांपुरतीच आहे.

महिलांचा प्रवेश उशिरा झाला, हे प्रचलित विधान अर्धेच खरे आहे. या खेळाचा उगम स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला असे सामान्यतः मानतात. अमेरिकेतील ऑल्बनी परिसरात जोडस्लेडच्या (एकामागे एक जोडलेल्या दोन स्लेडच्या) शर्यती त्याआधी होत असत, असा दावाही केला जातो. मात्र संघटित खेळ म्हणून पाहिले, तर १८९७ मध्ये क्लब स्थापन करणाऱ्या सेंट मॉरिट्झचे पारडे जड ठरते. तेथील आरंभीच्या पाच जणांच्या संघांत स्त्रिया असत, किंबहुना त्या असाव्यात असा नियमच होता, असे बहुतेक इतिहासकार नोंदवतात. त्यांची संख्या एक की दोन याबाबत मतभेद आढळतात. आंतरराष्ट्रीय महासंघ १९२३ मध्ये स्थापन झाला आणि साधारण त्याच सुमारास स्त्रिया स्पर्धांतून बाहेर पडल्या. स्त्रियांच्या प्रकृतीला हा वेग झेपत नाही, हे त्याचे कारण त्या काळी दिले जाई. ते फारसे पटत नाही, कारण १९४० मध्ये कॅथरिन ड्यूई यांनी अमेरिकेची राष्ट्रीय चौघांची स्पर्धा स्वतः स्लेड चालवून, पुरुष संघांना हरवून जिंकली होती. त्यानंतर लवकरच तेथे स्त्रियांना मज्जाव झाल्याचे सांगितले जाते. महिलांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००० साली विंटरबर्ग (जर्मनी) येथे झाली. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जिल बॅकन आणि व्होनेटा फ्लॉवर्स यांनी पहिले सुवर्णपदक मिळवले. हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या फ्लॉवर्स या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडू होत.

दोघींच्या स्लेडमध्ये पुढे स्लेड चालवणारी पायलट आणि मागे ब्रेक ओढणारी ब्रेकवूमन असते. हिरवा दिवा लागल्यापासून साठ सेकंदांत सुरुवात करावी लागते. पायलट बाजूच्या दांड्याने आणि ब्रेकवूमन मागून स्लेड ढकलते. बुटांच्या तळव्याला बारीक सुयांचा ब्रश असल्यामुळे पाय बर्फावर सरकत नाही. सुरुवातीच्या पट्ट्यात पात्यांसाठी खाचा पाडलेल्या असतात. साधारण पंधरा मीटरांनंतर घड्याळ सुरू होते आणि पुढील पन्नास मीटरांचा वेळ ‘स्टार्ट टाइम’ म्हणून वेगळा मोजतात. पायलट आधी उडी घेते व आपला दांडा आत दुमडते. मागची शक्य तितकी उशिरा चढते. चुका बहुधा येथेच होतात. पायलट घाईने बसली तर एका व्यक्तीची ताकद वाया जाते. ब्रेकवूमन तिरकी चढली तर खाच संपताच मागची पाती घसरतात आणि स्लेड पहिल्या वळणाआधीच भिंतीला घासते. सुरुवातीचा शतांश सेकंदाचा तोटा तळाशी पोचेपर्यंत साधारण दोन-तीन पट होतो, असा प्रशिक्षकांचा ढोबळ हिशेब आहे.

पुढचे सारे काम पायलटचे. पुढच्या पात्यांच्या जोडीला बांधलेल्या दोऱ्या दोन कड्यांनी ओढून ती स्लेड वळवते. पाती अगदी थोडीच वळतात. वळणात उशिरा शिरल्यास स्लेड उंच चढते आणि बाहेर पडताना समोरच्या भिंतीवर आदळते. लवकर शिरल्यास दोर जास्त ओढून ती खाली आणावी लागते आणि मागची पाती फरफटल्याने वेग जातो. म्हणून सरावाआधी पायलट मार्गावरून पायी चालत प्रत्येक वळणाचा प्रवेशबिंदू पाठ करते. ब्रेक अंतिम रेषेनंतरच ओढायचा असतो. स्लेड उलटी होऊन रेषा ओलांडली तरी फेरी ग्राह्य धरतात. मात्र दोघीही स्लेडमध्ये असाव्या लागतात. २०१० च्या ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या काथलीन मार्टिनी यांची स्लेड शेवटच्या फेरीत उलटली, त्यांच्या ब्रेकवूमन रोमी लोग्श बाहेर फेकल्या गेल्या आणि संघ बाद झाला.

पात्यांवर कोणताही लेप चालत नाही. गरम पाते बर्फावर अधिक सहज घसरते. म्हणून उघड्या हवेत ठेवलेल्या संदर्भ पात्याशी तापमान ताडून पाहतात आणि चार अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक आढळल्यास संघ बाद होतो. वजनाची कमाल मर्यादा (सध्या दोघींसह ३३० किलो) हा डावपेचाचा खरा भाग आहे. खेळाडू हलक्या असतील तर स्लेडमध्ये वजन भरता येते, पण मग तेच वजन ढकलावे लागते. म्हणून संघ जड आणि वेगवान धावपटूंच्या शोधात असतात, आणि ब्रेकवूमन बहुधा ॲथलेटिक्समधून येतात.

कारकिर्दीचा ठळक नमुना म्हणून कॅली हंफ्रीज (जन्म १९८५, कॅल्गरी) यांचे नाव घ्यावे लागते. स्कीइंग सोडून त्या २००२ मध्ये ब्रेकवूमन म्हणून या खेळात आल्या. २००६ च्या तुरिन ऑलिंपिकच्या चमूत त्या राखीव होत्या, पण उतरता आले नाही. त्यानंतर त्या पायलटिंग शिकल्या. ब्रेकवूमनची निवड प्रत्येक स्पर्धेआधी स्टार्ट टाइम पाहून बदलू शकते. पायलटची जागा तुलनेने टिकते, परंतु ती कमवायला बर्फावरची कित्येक वर्षे लागतात. २०१० च्या ऑलिंपिकमध्ये व्हिसलरच्या (कॅनडा) सोळा वळणांच्या अतिवेगवान मार्गावर त्यांनी हेदर मॉइज यांच्यासह कॅनडाला सुवर्णपदक मिळवून दिले. मॉइज मूळच्या रग्बीपटू. २००६ मध्ये दुसऱ्या पायलटबरोबर त्यांचे कांस्यपदक ०.०५ सेकंदाने हुकले होते. सोची येथे (२०१४) मार्गात तीन चढ होते, त्यामुळे भिंतीला घासून गेलेला वेग परत मिळवणे अवघड होते. अमेरिकेच्या एलाना मायर्स (पुढे मायर्स टेलर) पहिल्या दिवसअखेर आघाडीवर होत्या. चार फेऱ्यांची बेरीज झाली तेव्हा हंफ्रीज व मॉइज ०.१० सेकंदाने पुढे होत्या. २०१८ मध्ये अडथळा शर्यतीच्या धावपटू फिलिशिया जॉर्ज यांच्यासह हंफ्रीज यांना कांस्यपदक मिळाले.

चौघांच्या स्लेडमध्ये स्त्री-पुरुष एकत्र उतरण्यास महासंघाने २०१४ मध्ये परवानगी दिली. त्या हंगामात हंफ्रीज आणि मायर्स टेलर यांनी पुरुषांच्या स्पर्धेत स्लेड चालवली. जानेवारी २०१६ मध्ये लेक प्लॅसिडच्या विश्वचषक फेरीत हंफ्रीज पूर्ण महिला संघ घेऊन उतरल्या आणि शेवटच्या आल्या. ६३० किलोंच्या मर्यादेपर्यंत पोचायचे तर चार स्त्रियांना पुरुषांहून जड स्लेड ढकलावी लागते, त्यामुळे या निकालावरून चालवण्याच्या कौशल्याचा निष्कर्ष काढणे योग्य नाही.

कॅनडाच्या संघटनेशी वाद झाल्यावर २०१९ मध्ये त्यांना मुक्त करण्यात आले आणि त्या अमेरिकेकडून खेळू लागल्या. डिसेंबर २०२१ मध्ये नागरिकत्व मिळाले, तेव्हाच ऑलिंपिकचा मार्ग खुला झाला. त्याआधी २०२० आणि २०२१ मध्ये अल्टेनबर्ग येथे त्यांनी दोघींचे जागतिक अजिंक्यपद व २०२१ मध्ये मोनोबॉबचे पहिले अजिंक्यपद जिंकले होते.

मोनोबॉबमध्ये सर्वांना एकाच बनावटीची स्लेड वापरावी लागते, त्यामुळे श्रीमंत संघांच्या संशोधनाचा फायदा घटतो. रिकामी स्लेड १६० किलोंहून थोडी जड, तर खेळाडूसह मर्यादा २५० किलोंच्या किंचित आत असते. साहजिकच ८० किलोंच्या आसपासच्या खेळाडूला सोयीचे जाते. ढकलणे, चालवणे आणि ब्रेक ओढणे, तिन्ही कामे एकटीची. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये हंफ्रीज यांनी मायर्स टेलर यांना १.५४ सेकंदांनी मागे टाकले. शतांशांत निकाल लागणाऱ्या या खेळात एवढे अंतर क्वचित दिसते.

आफ्रिकेतून ऑलिंपिकला पोचलेला पहिला बॉबस्ले संघ २०१८ मधील नायजेरियाचा महिला संघ होय. त्याच्या पायलट शेउन अडिगुन यांनी ह्यूस्टनमध्ये स्वतः लाकडी स्लेड तयार करून ढकलण्याचा सराव केला होता. स्लेड चालवण्याचा सराव मात्र बर्फाच्या मार्गावरच करावा लागतो, आणि असे मार्ग साऱ्या जगात विसाहूनही कमी आहेत.