जनगणनेतला व्यवसाय आणि कंपनीच्या दप्तरातली नोकरी

पणजोबा काय काम करायचे, हे शोधताना दोन तऱ्हेचे कागद हाती लागतात. दोन्हींवर कामाचं नाव असतं, म्हणून लोक ते सरसकट एकाच मापाने वाचतात. इथेच घोळ होतो.

जनगणनेचा रकाना म्हणजे घरच्यांनी त्या एका दिवसापुरतं दिलेलं उत्तर. ते खरं की खोटं, हे कुणी पगारपत्रक मागून तपासत नसे. ब्रिटनमध्ये ही विचारणा दहा वर्षांतून एकदा व्हायची. मधे माणसाने तीन नोकऱ्या बदलल्या तरी कागदाला त्याचा पत्ता नाही. त्यात पुन्हा विचारणाऱ्यांचे नियम. १८४१ च्या सूचनांप्रमाणे बायकोचा, किंवा आईबापांच्या हाताखाली बिनपगारी राबणाऱ्या मुलामुलींचा व्यवसाय लिहायची गरजच नव्हती. तेव्हा त्या सालच्या एखाद्या बाईपुढे रकाना कोरा दिसला, तर ती काही करत नव्हती असं मुळीच समजू नये. दुसरं महायुद्ध सुरू होताच ब्रिटनमध्ये केलेल्या १९३९ च्या नागरिक-नोंदवहीतही असंख्य बायकांपुढे 'बिनपगारी घरकाम' एवढंच आहे. घरी शिवणकाम करून चार पैसे कमावणारीही त्यातच गडप झाली असेल!

मालकाच्या दप्तराला घराशी घेणंदेणं नसतं. रुजू झाल्याची तारीख, हुद्दा, पगार, बढती, बदली, दंड, नोकरी सुटल्याचं कारण, एवढाच त्याचा मामला. पैसे मोजायचे असल्याने हुद्दा आणि पगार चोख लिहिलेले असतात. जन्मतारखेवर मात्र डोळे झाकून विसंबू नये.

समजा, १९११ च्या फॉर्मवर एकाने स्वतःच्या हाताने 'इंजिन ड्रायव्हर' लिहिलंय आणि रेल्वे कंपनीच्या रजिस्टरात तो त्या साली फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा घालणारा, आहे. त्याने फुशारकी मारली? तसंच काही नाही. ब्रिटिश रेल्वेत ड्रायव्हरच्या परीक्षेत पास झालेला फायरमन गरज पडली की इंजिन चालवायचा, पण ड्रायव्हरची कायम जागा मिळेपर्यंत हुद्दा फायरमनचाच. घराच्या लेखी तो ड्रायव्हर, कंपनीच्या लेखी फायरमन. अशा वेळी एक नोंद खोडून दुसरी ठेवणं हा आततायीपणा. दोन्ही टिपून ठेवाव्यात, सालासकट.

एका कागदावरून दुसऱ्यावर जायचं, तर इंग्लंड आणि वेल्ससाठी १९२१ ची जनगणना सोन्याहून पिवळी. तिच्यात मालकाचं नाव आणि कामाचं ठिकाणही विचारलंय. अमेरिकेच्या १९४० च्या जनगणनेत आदल्या वर्षी किती आठवडे काम केलं आणि किती पगार मिळाला, तेही सापडतं. भारतासारख्या देशात वैयक्तिक नोंदी गोपनीय असल्याने ही वाट बंद. तिथे सेवापुस्तक आणि पेन्शनचे कागद यांवरच भिस्त.

मालक कळला की शोध माणसाच्या नावाने नव्हे, कंपनीच्या नावाने सुरू करावा, कारण अभिलेखागारात दप्तरं बहुधा कंपनीवार लावलेली असतात. ब्रिटनमधल्या जुन्या रेल्वे कंपन्यांची बरीच कर्मचारी रजिस्टरं लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कंपनी बुडाली किंवा दुसरीत विलीन झाली असेल, तर तिला गिळणाऱ्या कंपनीचं दप्तर पाहावं. तिथेही काही नसेल, तर कामगार संघटनेच्या सभासद-नोंदी.