आमदारकी न सोडता खासदारकी: चौदा दिवसांच्या नियमामागचा इतिहास

२७ जून २०२४ ला विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन मुंबईत सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी अजित पवार यांनी अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला, ‘माझी लाडकी बहीण’ योजना त्यातच जाहीर झाली. त्या दिवशी सभागृहात धारावीचा आमदार नव्हता. सोलापूर शहर मध्य, वरोरा, दर्यापूर, पैठण, जोगेश्वरी पूर्व आणि पारनेर यांचाही नव्हता. या सातही मतदारसंघांनी २०१९ मध्ये विधानसभेवर पाठवलेली माणसं ४ जूनला लोकसभेवर निवडून आली होती.

यात कुणी कायदा मोडला नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०१(२) प्रमाणे एकाच माणसाला संसद आणि राज्य विधिमंडळ अशा दोन्ही ठिकाणी सदस्य राहता येत नाही. किती दिवसांत एक जागा सोडायची, हे १९५० साली राष्ट्रपतींच्या नियमांनी ठरवलं: निवड राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून चौदा दिवस. तेवढ्यात विधिमंडळाचा राजीनामा दिला नाही, तर संसदेतली जागा आपोआप रिकामी होते. रोख आहे तो दोन खुर्च्यांवर. एका खुर्चीवर बसून दुसरीसाठी धावण्याबद्दल मात्र या नियमात अवाक्षर नाही.

सरकारी शाळेतल्या शिक्षकाला किंवा तलाठ्याला निवडणूक लढवायची तर आधी नोकरी सोडावी लागते, कारण ते लाभाचं पद, म्हणजे सरकारी पगाराचं, आणि असं पद हाती असलेला माणूस उमेदवारीला अपात्र ठरतो. मंत्रिपद मात्र या अपात्रतेतून घटनेनंच वगळलं आहे. संसदीय पद्धतीत त्याला कारण आहे. प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीआधी सगळ्या मंत्र्यांनी पायउतार व्हायचं म्हटलं, तर कारभार बघायचा कुणी? पण ही सवलत आपापल्या जागेवरून पुन्हा उभं राहणाऱ्याला जितकी शोभते, तितकी मुदत अर्धवट टाकून विधानसभेतून लोकसभेकडे निघालेल्याला शोभत नाही, असं मला वाटतं.

पैठणचंच बघा. संदिपान भुमरे तिथले आमदार, राज्याचे रोजगार हमी मंत्री आणि छत्रपती संभाजीनगरचे पालकमंत्री. राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केलेला, मराठवाड्यात उन्हाळाभर टँकर सुरू. अशा वेळी रोजगार हमी हे सगळ्यात निकडीचं खातं. पालकमंत्र्यानं टंचाई आढावा घ्यायचा, टँकरच्या खेपा बघायच्या, कामं सुरू करायला लावायची. त्याच आठवड्यांत हे मंत्री लोकसभेचे उमेदवार होते. शासकीय दौरा आणि प्रचार यांची सरमिसळ करायला आचारसंहितेत मनाई आहे. सत्ताधारी पक्षासाठीचा तो भाग १९७९ पासून आहे. म्हणजे गावात जायचं ते एक तर मंत्री म्हणून किंवा उमेदवार म्हणून. दिवस मात्र चोवीसच तासांचा.

दोन पदांच्या या गाठीनं देशाचं सरकार पडल्याचा प्रसंगही घडला आहे. कोरापुटचे खासदार गिरिधर गमांग फेब्रुवारी १९९९ मध्ये ओडिशाचे मुख्यमंत्री झाले. मुख्यमंत्र्याला आमदार व्हायला सहा महिने मिळतात, आणि ते अजून आमदार झाले नव्हते. त्यामुळे अनुच्छेद १०१(२) त्यांना लागूच नव्हता आणि खासदारकी शाबूत होती. १७ एप्रिलला ते दिल्लीत येऊन विश्वासदर्शक ठरावाविरुद्ध मत देऊन गेले. लोकसभा अध्यक्ष बालयोगी यांनी निर्णय त्यांच्या सदसद्विवेकावर सोडला होता. वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं हरलं. एवढं होऊनही घटनेतली ती फट बुजवली गेली नाही.

उलटा प्रवास सोलापूरनं पाहिला आहे. सुशीलकुमार शिंदे तिथले खासदार असताना जानेवारी २००३ मध्ये मुख्यमंत्री झाले. लोकसभेची जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणुकीत ती भाजपच्या प्रतापसिंह मोहिते-पाटलांकडे गेली. निदान तेव्हा पोटनिवडणूक तरी झाली. १९९६ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १५१-क आलं. रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची. मात्र मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर हे बंधन नाही. महाराष्ट्रात लोकसभेनंतर पाच-सहा महिन्यांत विधानसभा येते. त्यामुळे इथं आमदार खासदार झाला, की पोटनिवडणुकीचा प्रश्नच येत नाही. २०१९ मध्ये हेच झालं, २०२४ मध्येही.

आधी राजीनामा देणारेही असतात. पारनेरच्या नीलेश लंके यांनी आणि उमरेडच्या राजू पारवे यांनी मार्च २०२४ मध्येच आमदारकी सोडली. पण दोघेही ज्या पक्षाकडून लढणार होते त्या पक्षाचे आमदार नव्हते. तेव्हा तो धाक १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याचा होता. पारवे रामटेकमध्ये हरले आणि दोन्ही पदं गेली. स्वपक्षाकडून लढून हरलेले सुधीर मुनगंटीवार किंवा रवींद्र धंगेकर मात्र आमदार राहिलेच. अमेरिकेतल्या हवाई राज्यानं यावर १९७८ मध्ये आपल्या घटनेतच उत्तर लिहिलं: नव्या पदाची मुदत चालू मुदत संपण्याआधी सुरू होणार असेल, तर निवडून आलेल्यानं आधी पद सोडायचं, मग उमेदवारी. आपल्याकडे निवडणूक आयोगानं २००४ मध्ये जे सुचवलं ते दोन मतदारसंघांतून उभं राहणाऱ्यांपुरतं होतं: एकच जागा लढवू द्या, नाहीतर पोटनिवडणुकीचा भार म्हणून विधानसभेला पाच लाख आणि लोकसभेला दहा लाख घ्या. तेही कायद्यात उतरलं नाही.

जून ते नोव्हेंबर म्हणजे पेरणी, पीककर्ज, शाळा-कॉलेजचे प्रवेश. आमदाराच्या संपर्क कार्यालयात या दिवसांत माणूस येतो तो बहुतेक एका पत्रासाठी: दवाखान्याला, बँकेला, तहसीलदाराला. राजीनाम्यानंतर आमदार म्हणून ते लेटरहेड वापरता येत नाही. आणि खासदाराला विधानसभेत तारांकित प्रश्न विचारता येत नाही.

नोव्हेंबरात या जागा भरल्या. धारावीतून वर्षा गायकवाड यांच्या भगिनी ज्योती गायकवाड निवडून आल्या, पैठणमधून भुमरे यांचे चिरंजीव विलास. जोगेश्वरी पूर्वेत रवींद्र वायकर यांच्या पत्नी मनीषा, पारनेरमध्ये लंके यांच्या पत्नी राणी आणि वरोऱ्यात प्रतिभा धानोरकर यांचे बंधू प्रवीण काकडे उभे होते, तिघेही हरले.