अनायसोट्रॉपिक स्कॅटरिंग आणि अनायसोट्रॉपिक पदार्थ: कृपया एकाच टोपलीत टाकू नका

अनायसोट्रॉपिक म्हणजे दिशेनुसार बदलणारं. पण बदलतं काय: कणांवरून होणारं प्रकाशाचं विखुरणं (स्कॅटरिंग) की खुद्द पदार्थाचे गुणधर्म? पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्ट रिपोर्टांत या दोहोंचा घोळ पुन्हा पुन्हा दिसतो. मुखपृष्ठावर ‘अनायसोट्रॉपिक पदार्थाकडून विद्युतचुंबकीय तरंगांचं स्कॅटरिंग’ आणि आत साधे पाण्याचे थेंब, कोणत्या दिशेला किती स्कॅटरिंग हे सांगणारं हेन्यी-ग्रीनस्टाइनचं १९४१चं सूत्र, त्यातला ‘जी’ (g) हा आकडा ०.८५. झालं! पदार्थाचा पत्ताच नाही.

पहिली गोष्ट, अनायसोट्रॉपिक स्कॅटरिंग, तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळ्यात कात्रज घाटात धुकं उतरलं की थेंबांवर पडलेला प्रकाश बहुतांशी पुढेच जातो, मागे थोडाच येतो. हा एकतर्फीपणा मोजणारा आकडा म्हणजे जी. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव्ह मी (Mie) यांनी १९०८मध्ये गोल कणांचं गणित मांडलं तेव्हापासून त्यात गूढ काही उरलेलं नाही. पाणी मात्र सगळ्या दिशांना सारखंच असतं. एकतर्फी असतं ते स्कॅटरिंग.

दुसरी गोष्ट, अनायसोट्रॉपिक पदार्थ, ही पदार्थाच्या आतली. कॅल्साइट या खनिजाचा अपवर्तनांक (पदार्थात प्रकाश किती मंदावतो तो आकडा) एका दिशेच्या विद्युतक्षेत्राला १.६५८ आणि दुसऱ्या दिशेच्या क्षेत्राला १.४८६. वाघोलीच्या खाणीतल्या निळ्या कॅव्हॅन्साइट खनिजाला तर तीन अक्षांवर तीन वेगळे आकडे. अशा पदार्थाची परमिटिव्हिटी (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो ते) एका संख्येत मावत नाही, टेन्सर, म्हणजे दिशांनुसार आकड्यांचा तक्ता, लागतो. आणि खरी मेख इथेच आहे: कणात निर्माण होणारा द्विध्रुव (धन-ऋण प्रभारांची जोडी) येणाऱ्या क्षेत्राला समांतर राहत नाही. तरंगलांबीपेक्षा खूप लहान अशी कॅल्साइटची गोळी घ्या, क्षेत्र स्फटिकाच्या अक्षाशी ४५ अंशांत ठेवा. द्विध्रुव सुमारे ७ अंश कलतो. म्हणून अगदी सरळ पुढे जाणाऱ्या प्रकाशातही मूळ ध्रुवणाला (विद्युतक्षेत्राच्या कंपनाच्या दिशेला) काटकोनातल्या ध्रुवणाचा अंश येतो. सगळ्या दिशांना सारख्या असलेल्या पदार्थाची एकटी गोळी, कितीही मोठी घ्या, सरळ पुढे किंवा थेट मागे हे करूच शकत नाही.

शंका आली तर गोळी फिरवून पाहा. किरण आणि डिटेक्टर जागच्या जागी, फक्त गोळी फिरवायची. पाण्याच्या गोळीत काही फरक पडणार नाही, जी कितीही असो. कॅल्साइटच्या गोळीत पडेल. माझ्या मते तोंडी परीक्षेत एवढा एकच प्रश्न विचारावा, बाकी डेरिव्हेशन नंतर.

परीक्षा गोळीवरच करायची, हे मात्र विसरू नका. कण चपटा असेल तर पदार्थ सगळ्या दिशांना सारखा असूनही फिरवल्यावर फरक दिसतो. पावसाचे मोठे थेंब पडताना चपटे होतात, म्हणून हवामानाच्या रडारला आडव्या आणि उभ्या ध्रुवणात वेगळा प्रतिध्वनी मिळतो. तिथे दोष आकाराचा, पाण्याचा नाही. ढगातल्या बर्फाच्या स्फटिकांचंही तेच: बर्फ किंचित द्विअपवर्तनी (दिशेनुसार दोन अपवर्तनांक असलेला) आहे खरा, पण लायडरला (लेझरवर चालणाऱ्या रडारला) दिसणारं विध्रुवण, म्हणजे ध्रुवण बिघडणं, मुख्यतः त्यांच्या आकारामुळे. दाट धुक्यात प्रकाश एका थेंबावरून दुसऱ्यावर आपटत गेला तरी ध्रुवण बिघडतं, तेव्हा तेवढ्यावरूनही पदार्थावर आळ घेऊ नये.

 

सगळ्यात चीड येते ती सरासरीची. टेन्सर झेपत नाही म्हणून कॅल्साइटच्या दोन अपवर्तनांकांची सरासरी काढून ती गुस्ताव्ह मी यांच्या गणितावर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये भरतात. एकूण स्कॅटरिंगचा आकडा बऱ्यापैकी जवळ येईलही. पण द्विध्रुवाचा तो कल तिथे शून्य होतो, आणि मग रिपोर्टात ‘विध्रुवण आढळले नाही’ असा निष्कर्ष मोठ्या आत्मविश्वासानं छापला जातो.