पोलीस गुन्हा नोंदवून घेत नसतील तर अर्ज कुठे आणि कसा करायचा?

ऑनलाइन घेतलेला मिक्सर बिघडला, तर विकणाऱ्या संकेतस्थळाला 48 तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण करावे लागते. 2020 पासून तसा नियमच आहे. पोलीस ठाण्यात मात्र "अर्ज ठेवून जा, साहेब बघतील" म्हणून बोळवण होते. पोच मागितली की कपाळाला आठ्या. नकाराचा पुरावा आपणच जमवायचा, आणि बहुतेक अर्ज नेमके तिथेच अडकतात.

आधी हातातला कागद नीट वाचा. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. ती एफआयआर नव्हे. घटना दखलपात्र (म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येईल अशी) असूनही एनसीवर भागवले असेल, तर पुढची पायरी तुमच्यासाठी आहे. "चौकशी चालू आहे" या उत्तरालाही मर्यादा आहे: तीन वर्षे किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करता येते, पण 14 दिवसांतच.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचे) कलम 173(4) सांगते की नकारानंतर तक्रारीचा मजकूर लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. आयुक्तालयाच्या हद्दीत परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना पाठवतात. लोक मुख्यमंत्र्यांपासून आमदारांपर्यंत दहा प्रती धाडतात आणि अधीक्षकच राहून जातात. त्या दहा प्रती ही पायरी भरून काढत नाहीत. स्पीड पोस्टाची पावती त्याच दिवशी झेरॉक्स करून ठेवा, शाई उडते. पत्र पोचल्याची ट्रॅकिंगची नोंदही छापून घ्या.

तरीही हालचाल नसेल तर न्यायालयात, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. सोबत प्रतिज्ञापत्र लागतेच. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये ते बंधनकारक केले आणि आता कलम 175(3) मध्येही ते आले आहे. ठाण्यात कधी गेलात, अधीक्षकांना कधी लिहिले, हे त्यात तारखांसह हवे आणि पावत्या जोडलेल्या हव्यात. "वारंवार विनंती केली" असे मोघम वाक्य कृपा करून लिहू नका. तक्रार पोलिसाच्याच कर्तव्यावरील कृत्याबद्दल असेल, तर त्याच्या वरिष्ठांचा अहवाल मागवला जातो, त्यामुळे वेळ जास्त जातो. धीर सोडू नका.

ग्राहक आयोगाकडे जाऊ नका. पोलीस तपास ही पैसे देऊन घेतलेली सेवा नाही. पोलिसांनीच मारहाण केल्याची किंवा बेकायदा डांबून ठेवल्याची तक्रार मानवी हक्क आयोगाकडे करता येते, पण तिथली एक वर्षाची मुदत घटनेच्या दिवसापासून मोजतात. अधीक्षकांच्या उत्तराची वाट पाहत ती घालवू नका.