जिरा की ट्रेलो: या प्रश्नामागची गोष्ट

नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये किंवा मिहानमध्ये नवी सॉफ्टवेअर टीम बसली की लवकरच वाद रंगतो: कामाची नोंद ठेवायला जिरा घ्यायचं, रेडमाइन बसवायचं, की ट्रेलोवर भागवायचं? दर आणि फीचर पाहिले जातात. ही साधनं कुठल्या कामासाठी जन्मली, हे कुणी विचारत नाही.

नियोजनाची साधनं कारखाने आणि बांधकामातून आली. कुठलं काम कधी सुरू होऊन कधी संपेल हे दाखवणारे हेन्री गँट यांचे आडवे पट्टे पहिल्या महायुद्धाच्या काळात रुळले. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीत क्रिटिकल पाथ पद्धत (कुठल्या कामांना उशीर झाला तर सगळा प्रकल्प लांबतो, हे शोधायची) आकाराला आली, १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही तशीच नियोजनपद्धत वापरली. पुढे प्रिमाव्हेरा आणि मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टने तेच संगणकावर आणलं. या सगळ्यांत काम आधीच माहीत असतं आणि त्याला शेवट असतो. मेट्रोच्या खांबावर गर्डर चढवायचा तर आधी पाया भरावाच लागतो. तिथे तारखांचा तक्ताच हवा.

बगचं, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकीचं, तसं नाही. तो कधी येईल सांगता येत नाही, आणि बंद केलेला महिन्याभराने परत उघडतो. १९९८ मध्ये नेटस्केपने ब्राउझरचा कोड खुला केला, तेव्हा टेरी वाइसमन यांनी त्या खुल्या प्रकल्पासाठी, म्हणजे मोझिलासाठी, बगझिला हा बग ट्रॅकर (बग नोंदवून त्यांचा पाठपुरावा करायचं साधन) लिहिला. आता अनोळखी माणसंही तक्रार नोंदवणार होती. म्हणून कुठल्या आवृत्तीत बिघडलं, काय केल्यावर बिघडलं, हीच तक्रार आधी आली आहे का, हे सगळं नोंदीतच लागलं. प्रत्येक बगला कायमचा नंबर मिळाला. माझ्या मते या सगळ्यातली सर्वात मोलाची गोष्ट हा नंबरच: कोडमधल्या बदलासोबत तो लिहिला की ती ओळ का बदलली, हे नंतर आलेल्या माणसालाही सापडतं. २००२ चा जिरा आणि २००६ चा रेडमाइन याच वळणाचे.

बेसकॅम्प (२००४) हे टीमचं काम सांभाळायचं साधन निघालं ते एका वेबडिझाइन कंपनीच्या ग्राहकांशी चालणाऱ्या संवादातून. ट्रेलो २०११ चा; त्यात कामांची कार्डं बोर्डवर एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवायची. २०१७ मध्ये जिराच्या अ‍ॅटलासियनने ट्रेलोही विकत घेतला. जिरामध्ये बोर्ड आले, ट्रेलोत तारखा आल्या, आणि दोन्ही वरवर सारखेच दिसू लागले.

तरी मूळ स्वभाव जात नाही. सॉफ्टवेअर ग्राहकांच्या हातात गेलं असेल, तर आधी बग ट्रॅकरच घ्यावा, मग टीम तीन जणांची का असेना. ऑफिस हलवणं, भरती, प्रदर्शन अशा कामांना ट्रेलो पुरतो.